‘ॲडव्हान्स दाबा, प्रोसीड दाबा’: एका ऑफिसी सवयीचा इतिहास

पोस्ट लांब आहे, निवांत वाचा. पण ज्यांचं रोजचं काम तहसील, पंचायत समिती, सेतू केंद्र, पतसंस्था किंवा शाळा-कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चालतं, त्यांनी वाचाच.

गेली अठरा-एकोणीस वर्षं मी यवतमाळ शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क दुरुस्तीचं काम करतो. दारव्हा, घाटंजी, आर्णी, राळेगाव, पांढरकवडा, कुठंही जा, एक वाक्य सगळीकडे सारखंच ऐकू येतं. स्क्रीनवर लाल त्रिकोण येतो, ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं लिहिलेलं असतं, नवीन लागलेला पोरगा थबकतो, आणि बाजूच्या टेबलावरून आवाज येतो, “काहून घाबरतो बे? ॲडव्हान्स दाब, खाली प्रोसीड दाब. काही नाही होत.”

आपले कर्मचारी निष्काळजी आहेत, असं यावर शहरातले तज्ज्ञ म्हणतात. मला ते पटत नाही. ही सवय कर्मचाऱ्यांनी स्वतःहून लावून घेतलेली नाही, ती त्यांना लावली गेली. काही वेळा तर रीतसर सूचना छापून, स्क्रीनचे फोटो टाकून, बाण काढून लावली गेली. ती कशी लागली आणि तिची किंमत काय, हे एकदा सविस्तर मांडायचं होतं.

आधी मुळात हा इशारा कशाचा असतो ते बघू.

तुम्ही जातीच्या दाखल्यासाठी गेलात तर दाखल्यावर एसडीओ साहेबांचा शिक्का आणि सही असते. पुण्यातल्या कॉलेजचा बाबू आपल्या एसडीओ साहेबांना ओळखत नाही. तो पदाला ओळखतो, त्या पदाला सरकारने अधिकार दिलाय हे त्याला माहीत असतं, म्हणून दाखला चालतो. वेबसाइटचं सर्टिफिकेट म्हणजे असाच दाखला. त्यावर साइटचं नाव, मुदत आणि दाखला देणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो. तुमच्या ब्राउझरजवळ किंवा विंडोजजवळ अशा विश्वासू संस्थांची यादी आधीपासून असते. नाव जुळलं, मुदत शिल्लक असली आणि शिक्का यादीतल्या संस्थेचा असला तर गुपचूप पान उघडतं. यातलं एक जरी चुकलं तर लाल त्रिकोण.

जुन्या मराठी कागदांवर शिक्का आणि मोर्तब अशा दोन गोष्टी असत. पत्र कोणाचं हे शिक्का सांगे, आणि मजकूर इथं संपला हे मोर्तब सांगे, म्हणजे खाली कोणाला दोन ओळी घुसवता येऊ नयेत. ‘शिक्कामोर्तब’ शब्द तिथूनच आला. इंटरनेटवर नेमकी हीच दोन कामं करावी लागतात. समोरचा कोण हे पटवायचं, आणि मध्ये कोणी मजकूर बदलला नाही याची खात्री द्यायची. नेटस्केप कंपनीने १९९४-९५ च्या सुमारास ही पद्धत ब्राउझरमध्ये आणली तेव्हा हेतू साधा होता, लोकांनी क्रेडिट कार्डाचा नंबर न घाबरता टाकावा. तिथूनच ते कुलपाचं चिन्ह आलं.

आणि शिक्का न बघता विश्वास ठेवला की काय होतं हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. तेलगी आठवा. स्टॅम्प पेपर दिसायला खऱ्यासारखा होता आणि तपासायची सवय कोणालाच नव्हती.

भारताने या बाबतीत कायदा वेळेवर केला, हे मान्य करायला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि त्याच वर्षी ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज’ हे पद निर्माण झालं. पुढे सोयीसाठी ‘कंट्रोलर’ म्हणतो. हा कंट्रोलर म्हणजे देशाचा मूळ शिक्का. त्याने परवाना दिलेल्या संस्थांनी पुढे लोकांना डिजिटल सह्या आणि सर्टिफिकेटं द्यायची. एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, ज्यांची माणसं आपल्या प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात बसतात, त्यांनाही असा परवाना होता.

कागदावर सगळं व्यवस्थित. अडचण एवढीच की दिल्लीत बसलेल्या कंट्रोलरला जगातल्या ब्राउझरवाल्यांनीही ओळखायला हवं. मायक्रोसॉफ्टने भारताचा मूळ शिक्का आपल्या यादीत घेतला, त्यामुळे विंडोजवरचं इंटरनेट एक्सप्लोरर आणि क्रोम तो मानत. फायरफॉक्सची यादी स्वतःची, वेगळी. त्यांनी तो घेतला नाही. परिणाम काय? एनआयसीचं सर्टिफिकेट लावलेली सरकारी साइट एक्सप्लोररमध्ये सरळ उघडायची आणि फायरफॉक्समध्ये उघडली की ‘धिस कनेक्शन इज अनट्रस्टेड’. तेव्हा ऑफिसात सांगितलं जायचं, ‘फायरफॉक्स वापरू नका’, नाहीतर ‘ॲड एक्सेप्शन करा’. भारत सरकारची साइट, भारत सरकारचा शिक्का, आणि पहिला धडा काय? इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

दुसरा धडा आपल्या वीज मंडळाने दिला. हसू नका.

दोन हजार पाच ते बाराच्या दरम्यानचं भारनियमन ज्यांनी विदर्भात काढलंय त्यांना सांगायला नको. तालुक्याच्या ऑफिसात दिवसातले कित्येक तास लाइट नाही, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. मशीन कायम प्लगला असलं तर तो बरीच वर्षं टिकतो. वारंवार लाइट जाणाऱ्या ठिकाणी लवकर संपतो. सेल संपला की मशीन चालू केल्यावर तारीख थेट मशीन बनलं त्या सालात जाते, २००२ म्हणा, २००५ म्हणा. आता ब्राउझर काय करणार? सर्टिफिकेट सांगतं ‘मी २०१० पासून चालू आहे’, कॉम्प्युटर म्हणतो आज तर २००२ साल आहे. म्हणजे दाखला अजून निघालेलाच नाही. लाल त्रिकोण. बँकेची साइट असो की जीमेल, सगळीकडे लाल त्रिकोण.

माझ्याकडे आलेल्या ‘सगळ्या साइट सिक्युरिटी एरर दाखवतात, व्हायरस आला वाटते’ या तक्रारींपैकी पहिला संशय मी आजही त्या सेलवरच घेतो. चहा-नाश्त्याच्या पैशात येतो तो. पण ऑफिसात वस्तू घ्यायची म्हणजे मागणीपत्र आलं, मंजुरी आली. तोपर्यंत रोज सकाळी तारीख कोण लावणार? प्रोसीड दाबणं सोपं.

आता जरा बाहेर जाऊ, कारण याच काळात जगात दोन प्रकरणं अशी झाली की ज्यांत कोणीतरी प्रोसीड न दाबल्यामुळे मोठी चोरी उघडकीला आली.

नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची सर्टिफिकेट देणारी कंपनी होती. डच सरकारच्या कितीतरी सेवा तिच्या शिक्क्यावर चालायच्या. २०११ च्या उन्हाळ्यात तिच्या सिस्टिममध्ये घुसखोरी झाली आणि चोरांनी गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं. कंपनीने ही गोष्ट दाबून ठेवली. ते सर्टिफिकेट वापरून इराणमधल्या लोकांचं जीमेल मधल्या मध्ये वाचलं जात होतं. तपासात सुमारे तीन लाख इंटरनेट पत्ते निघाले. उघड कसं झालं? ऑगस्ट २०११ मध्ये इराणमधल्या एका माणसाला जीमेल उघडताना क्रोमने इशारा दिला. त्याने तो दाबून पुढं न जाता गूगलला विचारलं की हे काय आहे. त्यातून पुढचं सगळं बाहेर आलं. महिन्याभरात कंपनीचं दिवाळं निघालं आणि डच सरकारला रातोरात आपल्या साइटांचे शिक्के बदलावे लागले.

दुसरं प्रकरण आपल्या शेजारच्या राज्यातलं. अहमदाबादच्या कंपनीची सायबरोम नावाची फायरवॉल पेटी तेव्हा देशभरातल्या ऑफिसांत आणि कॉलेजांत लागत होती. अशा पेट्या कुलूपबंद साइटांची वाहतूकसुद्धा उघडून तपासू शकतात. त्यासाठी पेटी स्वतःच मध्ये बसते आणि प्रत्येक साइटच्या नावाचं स्वतःचं सर्टिफिकेट तयार करून तुमच्या ब्राउझरला दाखवते. ब्राउझर अर्थातच बोंबलतो. मग पेटी बसवणारा सांगतो की पेटीचा मूळ शिक्का प्रत्येक कॉम्प्युटरवर टाका, बोंबलणं बंद होईल. मालकाच्या ऑफिसात मालकाची पेटी असेल तर हे समजण्यासारखं आहे. पण २०१२ मध्ये जॉर्डनमधल्या एका वापरकर्त्याला टॉर प्रकल्पाच्या साइटवर असा इशारा दिसला, त्याने तो कळवला, आणि तपासात निघालं की कंपनीच्या सगळ्या पेट्यांमध्ये एकच मूळ शिक्का घातलेला आहे. म्हणजे एका पेटीतून चावी काढली की तो शिक्का बसवलेल्या कोणत्याही ऑफिसातला व्यवहार वाचता आला असता. गावातल्या सगळ्या कुलपांना एकच चावी. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली.

नेटवर्कवाल्या मित्रांनो, ज्या ऑफिसात ‘फक्त ऑफिसच्या वायफायवरच इशारा येतो, मोबाइल डेटावर येत नाही’ अशी तक्रार असते तिथं आधी या पेटीकडे बघा, नाहीतर अँटिव्हायरसच्या तशाच तपासणीकडे. सर्टिफिकेट उघडून ‘कोणी दिलं’ ते वाचा. बँकेच्या साइटवर फायरवॉलचं नाव दिसलं की उत्तर मिळालं.

आता येऊ आपल्या घरच्या गोष्टीवर. हे प्रकरण मराठी पेपरांत फार कमी आलं, म्हणून जरा थांबून सांगतो.

२ जुलै २०१४. गूगलच्या लोकांना आढळलं की त्यांच्या साइटांच्या नावाने कोणीतरी सर्टिफिकेटं काढली आहेत आणि त्यांवर शिक्का आहे भारताच्या एनआयसीचा. गूगलने ती मागितली नव्हती. त्यांनी एनआयसी, कंट्रोलर आणि मायक्रोसॉफ्टला लगेच कळवलं. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, कंट्रोलरने एनआयसीचे मधले सगळे शिक्के रद्द केल्याचं सांगितलं. ८ जुलैला कंट्रोलरचा तपास गूगलला मिळाला. एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती, चार खोटी सर्टिफिकेटं निघाली, पहिलं २५ जूनला. तीन गूगलच्या नावाची, एक याहूच्या. त्यावर गूगलने जाहीरपणे लिहिलं की या चारांत नसलेली आणखी खोटी सर्टिफिकेटंही आम्हाला माहीत आहेत, त्यामुळे नेमकं किती नुकसान झालं हे सांगता येत नाही.

एका सार्वभौम देशाच्या शिक्क्याबद्दल एक खाजगी कंपनी हे जगासमोर लिहिते, हे वाचताना मला तेव्हाही बोचलं होतं. पण लिहिलेलं खोटं नव्हतं.

पुढे गूगलने ठरवलं की क्रोममध्ये भारताचा मूळ शिक्का ठरावीक पत्त्यांपुरताच चालेल. गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन, रिझर्व्ह बँक आणि आणखी दोन-तीन. तालुक्याच्या तहसीलदाराचा शिक्का त्याच तालुक्यापुरता चालावा, तशी हद्द आखून दिली. मायक्रोसॉफ्टनेही त्याच आठवड्यात विंडोजच्या अविश्वासू यादीत एनआयसीचे शिक्के टाकले. आणि ज्या फायरफॉक्सला आपण ‘सरकारी साइट चालत नाही याच्यात’ म्हणून शिव्या घालायचो, त्याला काहीच करावं लागलं नाही. त्याने हा शिक्का मुळात मानलाच नव्हता. मॅक, आयफोन, अँड्रॉइडवरही धोका नव्हता, त्याच कारणाने.

धोका कोणाला होता? विंडोजवर एक्सप्लोरर किंवा क्रोम वापरणाऱ्याला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या सरकारी ऑफिसांना.

यातली आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ते खोटं सर्टिफिकेट वापरून कोणी तुमचं जीमेल मध्ये अडवलं असतं तर एक्सप्लोररने लाल त्रिकोण दाखवला नसता, कारण शिक्का यादीतलाच होता. तेव्हा इशारा नाही म्हणजे सगळं ठीकच, असंही नाही. इशारा आला की मात्र काहीतरी नक्की बिघडलेलं असतं. कधी सेल, कधी मुदत, कधी चोर. त्रिकोण तिघांना सारखाच. फरक कळतो तो त्याखालच्या बारीक अक्षरांतून, आणि ती अक्षरं वाचायची सवय आपण मोडून टाकली.

कारण या प्रकरणानंतर सवय सुधारायला हवी होती, ती वाढली.

ई-आधार डाउनलोड केलं आहे ना? त्या पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसतं. आधारच्याच अधिकृत सूचनांमध्ये लिहिलेलं होतं की सहीवर उजवं क्लिक करा, एनआयसीचं नाव दिसतं का ते तपासा, मग ‘ट्रस्ट’ मध्ये जाऊन ‘ॲड टू ट्रस्टेड आयडेंटिटीज’ करा, म्हणजे हिरवी खूण येईल. नाव तपासायची पायरी सूचनेत होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण सेतू केंद्रात ज्याच्यापुढं चाळीस माणसांची रांग आहे तो ती पायरी करेल का? तो फक्त शेवटचं बटण दाबायला शिकला. हिरवी खूण म्हणजे खरं, आणि खूण आपणच आणायची असते, असा उलटा अर्थ लोकांच्या डोक्यात बसला. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला तेव्हा तीच गोष्ट. प्रश्नचिन्ह दिसलं की शेतकरी घाबरतो, बँकेचा बाबू कुरकुर करतो, आणि ऑपरेटर दोन क्लिकमध्ये खूण हिरवी करून देतो. सातबारा खराच असतो हो. पण खोटा असता तरी याच दोन क्लिकमध्ये हिरवा झाला असता.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. डिजिटल सहीचा डोंगल लावून रिटर्न भरायचं तर ब्राउझरला तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरशी बोलावं लागतं. त्याचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, पुढं १५८५ क्रमांकाचं दार. त्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट घरगुती, बाहेरच्या कोणत्याही संस्थेचा शिक्का नसलेलं. सही होत नसेल तर उपाय काय सांगितला जायचा? तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा, लाल त्रिकोण येईल, ॲडव्हान्स दाबा, ‘प्रोसीड (अनसेफ)’ दाबा. यात तांत्रिकदृष्ट्या धोका जवळपास नाही, कारण आपलंच मशीन आपल्याशीच बोलतंय. पण देशभरातले कर सल्लागार, त्यांच्याकडची शिकाऊ पोरं, मोठ्या दुकानांचे मुनीम ‘अनसेफ’ शब्दावर रोज क्लिक करायला शिकले. ज्याला कारण कळतं तो एक, आणि ज्याला फक्त कृती कळते ते शंभर.

त्याच पावसाळ्यात, २०१७ साली, कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज होते. आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. खरीप तोंडाशी, कपाशीत डवरणं चालू, आणि माणसं सेतू केंद्रापुढं पहाटेपासून रांगेत. सर्व्हर दबलेले, अंगठा लागत नाही, लाइट जाते. अशा वेळी स्क्रीनवर लाल त्रिकोण आला तर ऑपरेटरने थांबून सर्टिफिकेट वाचावं, अशी अपेक्षा मी तरी करू शकत नाही. मागे उभा असलेला माणूस रोजी बुडवून आलेला असतो. तो म्हणतो, “भाऊ, पाय ना लवकर.” आणि भाऊ प्रोसीड दाबतो. खरा पेच इथं आहे. इशाऱ्यावर थांबायचं तर शेतकऱ्याचा दिवस जातो, न थांबायचं तर त्याचा आधार क्रमांक आणि बँक खातं कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. हा निर्णय आपण महिन्याला काही हजार कमावणाऱ्या ऑपरेटरवर टाकून मोकळे झालो आहोत.

एवढ्या लांबच्या तालुक्यातल्या लॉगिनचं कोणाला काय पडलंय, असं मला अनेक साहेब म्हणालेत. २०२५ च्या अखेरीस त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातून मिळालं. आर्णी तालुक्यातली शेंदुरसनी ग्रामपंचायत, दीड हजाराच्या आसपास वस्ती, आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी प्रणालीत तिच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांवर जन्मनोंदी. ते लाल त्रिकोणामुळे झालं असं मी म्हणत नाही, तो वेगळा विषय आहे आणि पोलिसांचा आहे. पण छोट्या ग्रामपंचायतीच्या आयडीलाही बाजारात भाव आहे, एवढं तरी आता कोणी नाकारू नये.

मधल्या काळात एक चांगली गोष्टही झाली. २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या ना-नफा संस्थेने फुकट सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली, तीही आपोआप नवी होणारी. ‘पैसे नाहीत म्हणून सर्टिफिकेट नाही’ हे कारण संपलं. तिच्यामुळेच ३० सप्टेंबर २०२१ ला मात्र माझा फोन दिवसभर वाजत होता. या संस्थेची सर्टिफिकेटं ज्या जुन्या मूळ शिक्क्याच्या आधारावर चालत होती त्याची मुदत त्या दिवशी संपली. नव्या मशीनला फरक पडला नाही. पण अपडेट बंद करून ठेवलेल्या विंडोज ७ वर साइटा धडाधड लाल झाल्या. साइट ठीक, तारीख ठीक, नाव ठीक, फक्त आपल्या मशीनची यादी म्हातारी झाली होती. अपडेट बंद का ठेवलं होतं? ‘डेटा खाते’ म्हणून. ब्रॉडबँड आल्यावरही ते कोणी पुन्हा चालू केलं नव्हतं.

भारताने स्वतःच्या शिक्क्याचा नाद सोडलेला नाही. बेंगळुरूच्या ई-मुद्रा कंपनीचा मूळ शिक्का मोठ्या ब्राउझरांनी स्वीकारला आहे. कंट्रोलरचा शिक्का आत असलेला भारतीय ब्राउझर बनवायची स्पर्धाही केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, पहिला नंबर झोहोचा. मला यात अभिमानापेक्षा काळजी जास्त वाटते. शिक्का देशी की परदेशी हा प्रश्न नंतरचा. २०१४ मध्ये शिक्का देशीच होता.

आता पुढचं, आणि हे तातडीचं आहे. सर्टिफिकेटची मुदत आधी दोन-तीन वर्षं असायची. सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस झाली. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट संस्थांच्या मंचाने २०२५ मध्ये आणखी ठरवलं आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. वर्षातून एकदा नूतनीकरण करायचं ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांना ते वर्षाला आठ वेळा करावं लागेल. हाताने करणाऱ्यांच्या साइटा सतत लाल राहतील, लोक सतत प्रोसीड दाबतील, आणि त्या गर्दीत एखादा खरा चोर आला तर त्याचा त्रिकोण वेगळा ओळखू येणार नाही.

म्हणून ऑफिसवाल्यांनी एक करा. त्रिकोण आला की ॲडव्हान्स जरूर दाबा, पण प्रोसीडवर जायच्या आधी वरची ओळ वाचा. त्यात ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर आधी खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. ते बरोबर असेल तर साइटची मुदत संपली आहे, त्या खात्याला फोन करा. ‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथं नीट उघडली तर घोळ आपल्या नेटवर्कमध्ये किंवा मशीनमध्ये आहे, दुरुस्तीवाल्याला बोलवा, आणि तोपर्यंत त्या मशीनवर पासवर्ड टाकू नका. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर पत्ता अक्षर अन् अक्षर तपासा, गव्ह डॉट इनच्या जागी भलतंच काही लिहिलेलं नाही ना. आणि आधार, बँक किंवा ओटीपीचं पान असेल तर कितीही रांग असू द्या, प्रोसीड नाही.

नगरपरिषदा, बाजार समित्या, पतसंस्था आणि कॉलेजांच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या वेबसाइटचं कंत्राट ज्याला दिलं आहे त्याला या आठवड्यात एक प्रश्न विचारावा: सर्टिफिकेट आपोआप नवं होतं की कोणीतरी आठवणीने करतं? ‘आठवणीने’ असं उत्तर आलं तर पुढच्या कंत्राटात आपोआप नूतनीकरणाची अट टाकून घ्या, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. सर्टिफिकेट फुकट आहे आणि सर्व्हरवर ती व्यवस्था बसवायला एका दुपारचं काम आहे.